मुलांना घेऊन कर्नाळा: पहिलाच डोंगर चढणाऱ्यांसाठी

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात डाव्या हाताला डोंगराच्या माथ्यावर एक अंगठा उभा दिसतो. गाडीतली मुलं हमखास विचारतात, "तिथे वर जाता येतं?" अंगठ्यावर नाही, पण त्याच्या मुळाशी जाता येतं. पाचवी-सहावीतलं मूल आणि रोज थोडंफार चालणारे आईबाप एका सकाळीत जाऊन येऊ शकतात.

अंगठा म्हणजे कर्नाळा किल्ल्याचा सुळका. किल्ला साधारण 440 मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या भोवतीचं जंगल म्हणजे कर्नाळा पक्षी अभयारण्य. 1968 साली ते जाहीर झालं, तेव्हा ते लहान होतं. पुढे वाढवत ते 12 चौरस किलोमीटरच्या वर गेलं. तालुक्याच्या गावापासून बारा-तेरा किलोमीटरवर डांबरी रस्त्याला लागून जंगल, कातळ आणि किल्ला, तिन्ही एका तिकिटात मिळावेत ही चैन आहे.

मी पनवेलचा. मित्रमंडळी विचारतात, पोरांना पहिल्यांदा कुठे नेऊ? मी कर्नाळा सांगतो. ते सोपं आहे म्हणून नव्हे. शेवटचा भाग चांगला दमवतो. सांगतो ते अशासाठी, की इथे दर अर्ध्या-पाऊण तासाने परत फिरण्यासारखी जागा येते, आणि तिथून परत फिरलात तरी दिवस पुरा झाल्यासारखा वाटतो. राजमाचीला किंवा हरिश्चंद्रगडाला मूल अर्ध्यात बसलं तर तुमची पंचाईत होते. इथे होत नाही.

आधी ठरवा, कुठवर जायचं

घरातच ठरवा आणि मुलांनाही सांगा. चार-पाच वर्षांचं मूल असेल तर खालच्या निसर्गवाटेवर फिरा. हरियाल नावाची वाट आहे, तिथे चढ फारसा नाही, सावली भरपूर, आणि पक्षी खरं तर तिथेच जास्त दिसतात. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी किल्ल्याच्या वाटेने सोंडेवर पोचावं, सुळका समोर बघावा, डबा खावा आणि उतरावं. आठच्या पुढे, आणि मूल रोज मैदानात पळणारं असेल, तर किल्ला.

आजी-आजोबा येणार असतील तर त्यांना वर ओढू नका. त्यांना खाली दुर्बीण देऊन बसवा. माझ्या आईने एका सकाळी खालीच बसून अकरा पक्षी मोजले, आणि आम्ही घामाघूम होऊन वर पाहिले तीन. त्यातला एक कावळा.

तान्ह्या बाळाला पाठीवर बांधून किल्ला चढणारे दिसतात. मला ते पटत नाही. पाठीवर बाळ असलं की स्वतःची पावलं नीट दिसत नाहीत, तोल मागे जातो आणि वरच्या पायऱ्यांवर दोन्ही हात लागतात. निसर्गवाटेवर खुशाल न्या.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी गारवा असतो, वाट कोरडी असते, हिवाळी पाहुणे पक्षी आलेले असतात. फेब्रुवारीच्या शेवटाला काटेसावर आणि पांगारा फुलतो आणि त्या लाल फुलांवर पाखरांची जत्रा भरते. मुलांना पक्षी दाखवायला यापेक्षा सोपी वेळ नाही, कारण पानं गळलेली असतात आणि पाखरं एका जागी टिकतात.

मार्चनंतर कोकणातला दमट उकाडा सुरू होतो. जायचंच तर फाटक उघडल्या उघडल्या आत शिरा आणि दहाच्या आत सावलीत परत या. ऑक्टोबरचं ऊन तर मे महिन्याला लाजवतं, शिवाय गवत कमरेएवढं असतं.

पावसाळ्याबद्दल वेगळं बोलतो, कारण सगळ्यांना तेव्हाच जायचं असतं. हिरवंगार असतं हे खरं. पण कातळावर शेवाळ धरतं, वाटेचा ओढा होतो, वर धुक्यात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. मुलांची पहिली खेप पावसाळ्यात नको. गेलात तर निसर्गवाटेपुरतंच, आणि मुसळधार पावसाचा इशारा असेल त्या दिवशी घरी भजी. निघण्याआधी वन विभागाकडे चौकशी करा. पावसात वाटा बंद ठेवतात.

आठवडाभर आधीची तयारी

बूट आधी बघा, बाकी सगळं नंतर. शाळेचे काळे बूट नकोत, क्रॉक्स नकोत, तळ गुळगुळीत झालेले कॅनव्हासचे तर नकोतच. तळाला खोल खाचा असलेले साधे बूट पुरतात. महागडे लागत नाहीत. कित्येक गिर्यारोहकांनी अर्धा सह्याद्री ॲक्शनच्या बुटांवर काढलाय. फक्त नवे कोरे बूट त्याच दिवशी घालू नका. मी लेकीला आदल्या संध्याकाळी घेतलेले बूट घालून नेलं होतं. चाळीस मिनिटांत टाचेला फोड. उतरताना ती माझ्या खांद्यावर, बूट तिच्या गळ्यात. तेव्हापासून नवे बूट आठवडाभर घरात, जिन्यावर, बाजारात घालायला लावतो, आणि मोजे जाड सुती.

कपडे पूर्ण बाह्यांचे, पूर्ण पायांचे आणि फिकट रंगाचे. काळा आणि गडद रंग टाळा; त्याचं कारण पुढे येईलच.

पाठीवरची पिशवी मुलांची मुलांनीच घ्यावी, पण हलकी. वीस किलोच्या मुलाला दोन किलोपेक्षा जास्त नको. त्यात त्याची पाण्याची बाटली, टोपी, थोडा खाऊ आणि एक शिट्टी. शिट्टीचा नियम घरी समजावून द्या: वाट चुकलो असं वाटलं तर आहे तिथेच एखाद्या झाडाशी थांबायचं, शोधत फिरायचं नाही, आणि तीनदा शिट्टी वाजवायची. एरवी ती वाजली तर जप्त.

पाणी मोठ्यांना दोन लिटर, मुलांना एक. वाटेत भरवशाचं पाणी नाही. किल्ल्यावर सुळक्याच्या पायथ्याला कातळात खोदलेली टाकी आहेत, पण ते पाणी मुलांना देऊ नका.

खायला दशम्या, चटणी, काकडी, संत्री, खजूर, चिक्की. उकडलेली अंडी चालतात, सोलून न्या. वेफर्सची पाकिटं नकोत. एक तर मीठ खाऊन तहान लागते, दुसरं म्हणजे प्लास्टिकच्या कुरकुर आवाजावर माकडं येतात. सगळं स्टीलच्या डब्यांत भरा. फाटकावर सामान तपासतात, प्लास्टिकच्या वस्तू मोजतात आणि त्यावर ठेव घेतात. स्टील असेल तर त्या रांगेत तुम्ही पाच मिनिटांत मोकळे.

औषधांमध्ये चिकटपट्टी, जंतुनाशक, क्रेप बँडेज, मीठ-साखरेची पुडी आणि मुलाला काही ॲलर्जी असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं औषध. जोडीला एक जुनी चिकट टेपची गुंडाळी. ती कशाला, ते खाजकुइलीपाशी सांगतो.

पोचायचं कसं

लोकलने येणाऱ्यांनी हार्बर मार्गाने पनवेल गाठावं, तिथून एसटी स्थानकावर पेण किंवा अलिबागकडे जाणारी साधी गाडी धरावी आणि कंडक्टरला आधीच "कर्नाळा अभयारण्य" सांगावं. जलद गाड्या थांबतीलच असं नाही. चौघे असाल तर रिक्षाही परवडते, पण परतीचं आधी ठरवून घ्या.

वाटेत शिरढोण लागतं. मुलांना खिडकीतून दाखवा: वासुदेव बळवंत फडके 1845 मध्ये या गावात जन्मले आणि त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. आपण चढणार तो किल्ला कोणाच्या तरी आजोबांच्या ताब्यात होता, हे मुलांना इतिहासाच्या पुस्तकापेक्षा लवकर समजतं.

पनवेलकडून येताना फाटक डाव्या बाजूलाच पडतं, त्यामुळे उतरून लगेच आत जाता येतं. परतताना मात्र पनवेलची गाडी पकडायला हमरस्ता ओलांडावा लागतो. ट्रक आणि कंटेनर वेगात असतात. अख्ख्या दिवसातली सगळ्यात धोक्याची जागा मला विचाराल तर हीच.

फाटकातून आत

तिकीट काढताना दोन गोष्टी विचारून घ्या: खाली किती वाजेपर्यंत यायचं, आणि किल्ल्याची वाट चालू आहे ना. स्वच्छतागृह इथेच उरकून घ्या, वर सोय नाही.

सुरुवातीचा डांबरी रस्ता मुलांना कंटाळवाणा वाटतो आणि ती पळत सुटतात. पळू देऊ नका. पहिली वीस मिनिटं जो पळतो तो चाळिसाव्या मिनिटाला बसतो. सगळ्यात लहान मुलाला पुढे ठेवा आणि त्याच्या चालीने सगळ्यांनी चला; सगळ्यात मागे एक मोठं माणूस हवंच.

या टप्प्यात कान उघडे ठेवा. टुक्-टुक्-टुक् असा ठोका पडत असेल तर तो तांबट. ओढ्याकाठी सकाळी कोणी आळशी पोरगा वाट चुकल्यासारखी शीळ घालत असेल तर तो शीळकरी कस्तूर. शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पानं असा काळा पल्लवपुच्छ कोतवाल इथे हमखास दिसतो, आणि तो दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो, हे कळल्यावर मुलं त्याच्यावर खूश. स्वर्गीय नर्तक दिसला तर तुमचं नशीब. अभयारण्यात दीडशेहून जास्त जातींची नोंद आहे. मुलांना पाच ओळखता आल्या तरी रग्गड.

माकडं असतातच. त्यांना खायला घालू नका, दात दाखवून हसू नका, पिशवी हिसकावली तर ओढाओढ करू नका.

चढ

किल्ल्याची वाट फुटते तिथून खरा डोंगर सुरू होतो. तासभर झाडीतून चढ आहे: दगड, मुळं, मध्येच मुरमाड माती. इथे मुलांना चालायला शिकवावं लागतं, आणि तेच बहुतेक आईबाप शिकवत नाहीत. "सांभाळून" असं ओरडल्याने कोणी सांभाळून चालत नाही.

कातळावर पूर्ण तळवा टेकवायचा. मुलं घाबरली की चवड्यावर चालतात आणि तिथेच घसरतात. हलणाऱ्या दगडावर वजन टाकण्याआधी पायाने चाचपून बघायचा. हिवाळ्यात सागाची मोठी वाळकी पानं दगडांवर पसरलेली असतात. खाली दगड आहे की खड्डा कळत नाही, आणि पान स्वतःच सरकतं. पान बाजूला सारून पाय ठेवायचा. हात लागतील अशा उंच दगडापाशी दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, एवढे तीन टेकू पक्के असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही. कपारीत न बघता हात घालायचा नाही. तिथे विंचू किंवा साप असू शकतो.

आणि मोठ्यांसाठी: मुलाला मनगटाला धरून वर खेचू नका. पाच वर्षांखालच्या मुलांचा कोपराचा सांधा एवढ्या झटक्यानेही सरकतो. काखेत धरून उचला, किंवा खालून पायाला आधार द्या. चढताना आणि उतरताना मोठं माणूस नेहमी मुलाच्या खालच्या बाजूला.

वीस मिनिटं चालणं, पाच मिनिटं थांबणं. थांबलं की दोन घोट पाणी, तहान असो-नसो.

पावसानंतर ते हिवाळाभर वाटेच्या कडेला वेलींवर तपकिरी लव असलेल्या शेंगा लोंबतात. ती खाजकुइली. लागली की मूल रडून आकाश डोक्यावर घेतं. चोळायचं नाही, खाजवायचं नाही, पाणीही लगेच ओतायचं नाही. टेपचा तुकडा चिकटवून उचलायचा, पुन्हा नवा तुकडा, पुन्हा उचलायचा, म्हणजे ती बारीक कुसळं निघून येतात. मग धुवायचं, आणि कपडे बदलायचे.

सोंडेवर

झाडी संपून वाट डोंगराच्या सोंडेवर येते आणि सुळका अचानक समोर उभा राहतो. इथे बसा. डबा निम्मा इथेच संपवा. आणि घड्याळ बघा: फाटकातून निघून दोन तासांपेक्षा जास्त झाले असतील, किंवा अकरा वाजून गेले असतील, किंवा मुलाचं बोलणं बंद झालं असेल, तर इथूनच उतरा. शेवटची खूण सगळ्यात खात्रीची. दमलेलं मूल रडत नाही, आधी गप्प होतं. रडायला लागलं म्हणजे तुम्हाला अर्धा तास उशीर झालेला असतो.

किल्ला

पुढची वाट धारेवरून बरीचशी सपाटीने जाते. डावी-उजवीकडे उतार आहे, तेव्हा लहानांचा हात धरा. किल्ल्याखाली कर्णाई देवीचं देऊळ लागतं, तिथून पायऱ्या आणि मग दरवाजा. पायऱ्या झिजलेल्या आहेत. कठडा असेल तिथे धरा, पण त्यावर रेलून फोटो काढू नका.

आत पडका वाडा, तटबंदी, बुरुज. सुळक्याच्या पोटात खोदलेल्या खोल्या आणि पाण्याची टाकी ओळीने आहेत, आणि मुलांचा अर्धा तास तिथेच जातो. टाक्यांच्या काठाशी मूल एकटं नको. पाणी किती खोल ते वरून कळत नाही. पुरंदरच्या तहात 1665 मध्ये महाराजांना जे 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत हा एक होता, आणि 1670 मध्ये परत घेतला तो आडोसे उभारत, त्यामागून पुढे सरकत. आत्ताच चढून आलेल्या मुलाला विचारा, तू कुठून वर आला असतास? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. हवा स्वच्छ असेल तर प्रबळगड आणि माणिकगड दिसतात.

आता फिकट कपड्यांचं कारण. वर बघा. सुळक्याच्या कड्याला आग्या माशीची काळी पोळी लटकलेली असतात, एकेक हात-दोन हात लांब. त्यांना डिवचलं नाही तर त्या काही करत नाहीत. म्हणून इथे विडी-सिगारेट नाही, चूल नाही, आरोळ्या नाहीत, शिट्टी नाही, दगड मारणं नाही, ड्रोन नाही. घरून अत्तर किंवा सेंट मारून निघायचं नाही. "जय भवानी"ची गर्जना करायची हौस खाली फाटकाबाहेर भागवा. आणि सुळक्यावर चढायचा प्रयत्नही नको. ते दोरखंडवाल्या प्रस्तरारोहकांचं काम आहे.

तरी माश्या उठल्याच तर हात झटकत उभं राहू नका. मुलाचं तोंड ओढणीने किंवा शर्टाने झाका, उचला आणि आलात त्या वाटेने झाडीकडे जा, लांबवर, मागे वळून न बघता. पण कड्याकडे धावू नका. टाक्यात उडी मारून उपयोग नाही, त्या वर घिरट्या घालत राहतात. सुरक्षित जागी पोचल्यावर नांग्या लगेच काढा, नखाने खरवडून काढल्या तरी चालेल. पुष्कळ डंख, ओठ-जीभ सुजणं, धाप, उलट्या, चक्कर यांपैकी काहीही दिसलं तर 108 ला फोन करा आणि खाली कर्मचाऱ्यांना कळवा. वन विभागाचा मदत क्रमांक 1926 आहे.

साप चावला तर आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं यातलं काहीही करायचं नाही. मुलाला चालू द्यायचं नाही, चावलेला अवयव हलणार नाही असा धरायचा, उचलून खाली आणायचं, थेट रुग्णालय.

उतार

पडायची वेळ ती हीच. मांड्या थरथरत असतात, मुलांना घरी जायची घाई असते, आणि चढताना न जाणवलेला घसारा आता पायाखाली सरकतो. मुलं भीतीने मागे रेलतात आणि पाय पुढे निसटतात. गुडघे किंचित वाकवून, अंग थोडं पुढे ठेवून, छोटी छोटी पावलं टाकायला लावा. फारच तीव्र जागी खुशाल बसून घसरू द्या. चड्डी फाटेल, फाटू दे.

दोन भावंडांना उतारावर एकमेकांचा हात धरू देऊ नका. एक पडला की दुसराही जातो. पुढच्याने पाडलेला दगड मागच्याला लागत नाही, उलटं होतं, म्हणून सगळे एका सरळ रेषेत खाली-वर न राहता जरा तिरके चाला, आणि दगड सुटला तर "दगड!" म्हणून हाक द्या.

उतरायला दीड तास धरा. एकूण पाच-साडेपाच तास. सातला आत शिरलात तर साडेबाराला खाली.

फाटकावर बाटल्या मोजून दाखवा आणि ठेव परत घ्या. मुलाच्याच हातात ते पैसे द्या. बाहेर एखाद्या टपरीवर थंड काहीतरी घ्या, बुटातले खडे काढा, मग रस्ता ओलांडायच्या आधी एकदा सगळ्यांचे हात धरलेत ना, ते बघा.